विंगेतून आलेलं वाक्य

४ जून

वन्सं, नमस्कार.

सुटले बाई एकदाची! नाटकाचे शेवटचे दोन अंक काल दिग्दर्शकांच्या नावे रवाना केले. आजवर प्रत्येक कंपनीने हे नाटक आपल्या सोयीने कापलं. कुणी प्रेक्षकांना घरी जायची घाई असते म्हणून, कुणी सखीच्या कामाला चांगली नटी मिळत नाही म्हणून. मी जुन्या छापील प्रती पुढ्यात घेऊन ते सगळे तुकडे परत जागच्या जागी बसवले. फलकावर माझं नाव लागणार आहे म्हणे! तुमचे दादा इतकी वर्षं या नाटकाला विंगेत बसून प्रॉम्प्टिंग करतात, तुम्ही त्याच कंपनीचा कपडेपट सांभाळता, मी मास्तरीण तेवढी बाहेर राहिले होते. आता मीही आत आले.

गोष्ट तुम्हाला झोपेतही पाठ आहे, पण वर्गात सांगून सांगून माझ्या तोंडाला खोड लागली आहे, तेव्हा ऐका. किल्लेदाराची मुलगी आणि घंटा ओतणारा कारागीर. दोघांचं ठरतं की ज्या संध्याकाळी बुरुजावरची घंटा वाजणार नाही, त्या संध्याकाळी त्याने तळघराच्या दाराशी यायचं. एका संध्याकाळी घंटा वाजत नाही. तो जातो, पहारेकऱ्यांच्या हाती सापडतो, मारला जातो, आणि ती विष घेते. घंटा गप्प का राहिली? तर दोर तुटला म्हणून! आणि हे तिच्या सखीला ठाऊक असतं. चौथ्या अंकात सखीचा एकटीचा प्रवेश आहे, तो सगळे गाळत आले, त्यामुळे ती आपली तबक घेऊन ये-जा करणारी बाई वाटते. मी तो प्रवेश परत आणला. त्यात ती म्हणते, "मला सगळं ठाऊक होतं. पण मला कुणी विचारलंच नाही." माझ्या मते अख्खी शोकांतिका या वाक्यात आहे. पाच अंकांत कुणीच कुणाला सरळ विचारत नाही. जो तो दुसऱ्याच्या गप्प बसण्याचा आपल्याला हवा तो अर्थ लावतो.

दुसरी गंमत भाषेची. पहिल्या अंकात कारागीर बोलतो ते साचा, भट्टी, धातू यांच्याच शब्दांत, आणि ती बोलते बागेच्या आणि पाखरांच्या. तिसऱ्या अंकात पाहावं तर ती साच्याबद्दल बोलते आहे आणि तो पाखरांबद्दल! तोवर दोघांनी प्रेमाची कबुली दिलेली नसते, पण एकमेकांचे शब्द तोंडात आलेले असतात. मी मुलींना नेहमी सांगते, माणूस प्रेमात पडला की आधी त्याची भाषा फितूर होते.

बरं, तुमच्या दादांचं मनगट कसं आहे? दुखावलंय म्हणून हल्ली पत्रं टाइप होऊन येतात. आणि माझ्या संहितेबद्दल त्यांत चकार शब्द नाही. त्यांना आवडली की नाही, तेवढं तरी तुम्ही कळवा.

तुमची वहिनी

१५ जून

वहिनी,

तुझे शेवटचे अंक पोचले आणि माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. तू सखीला परत आणलंस, छान केलंस, पण ती एकटी रंगमंचावर उभी राहणार म्हणजे तिला नेसवायला नको? आजवर तिला मी कोपऱ्यातलं जुनंपानं काहीतरी द्यायची. किल्लेदाराच्या झग्याला कसर लागली आहे, कारागिराचा अंगरखा नव्या नटाला दंडात होत नाही. दिवसभर सुई-दोरा आणि मी. जेवताना ताटात परवा टाचणी निघाली, आता बोल!

नवी नायिका येऊन दोन महिने झाले. तिला सगळे बुलबुल म्हणतात, कारण तोंडाला म्हणून विश्रांती नाही. कपडे मापाला घेतानासुद्धा बडबड. पण पोरगी गुणी आहे, उलट उत्तर करत नाही, आणि कमरेत बारीक असल्याने माझं निम्मं काम वाचलं.

मालकांचा कारभार नेहमीचाच. या वेळी म्हणतात, जुनी खोडं कमी करायची, नवं रक्त आणायचं. गेल्या महिन्यात पडदे ओढणाऱ्या मामांना घरी पाठवलं. आम्ही सगळे आपापलं डोकं खाली घालून काम करतो.

दादा मजेत आहे. कालच कपड्यांची मोठी पेटी एका दमात माडीवर नेऊन ठेवली. मी नको नको म्हणत होते. संहितेचं म्हणशील तर त्याला आवडलीच असणार, न आवडायला काय झालं? तू तब्येतीला जप. कॉलेज सुरू झालं की तुला खाण्यापिण्याची शुद्ध राहत नाही.

तुझी वन्सं

२४ जून

वन्सं, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मी विचारलं मनगटाचं, तुम्ही सांगितलं कसरीचं. मी विचारलं संहितेचं, तुम्ही सांगितलं टाचणीचं. आणि मधेच तुमच्या हातून एक गोष्ट निसटली. दुखावलेल्या मनगटाचा माणूस मोठी पेटी एका दमात माडीवर नेतो? ज्या हाताला पेटी झेपते त्याला पेन झेपत नाही?

रागावू नका, पण माझ्या मनात पाल चुकचुकली आहे. त्यांची हल्लीची पत्रं मी ओळीने लावून वाचली. "इथे सगळं एकदम झकास." "तालीम बघून जीव हरखून गेला." "तू अगदी म्हणजे अगदी काळजी करू नकोस." हे तुमचे दादा? वन्सं, या माणसाने जेवण चांगलं झालं तर "ठीक" म्हटलं, आणि फारच चांगलं झालं तर "बरं" म्हटलं. यांच्या तोंडी "झकास" शोभतो का? लग्न ठरलं तेव्हा मला लिहिलेलं पहिलं पत्र चार ओळींचं होतं, त्यातल्या दोन ओळी गाडीच्या वेळेबद्दल. तेच मला आवडलं होतं. सगळ्या जगाला वाक्यं पुरवणारा माणूस स्वतःच्या वाक्यांना इतका जपतो, याचं मला कौतुक वाटायचं.

पत्रातला मजकूर त्यांचाच आहे. छताला ओल आली आहे ते पाहून घे, विम्याचा कागद कपाटात आहे, हे सगळं त्यांचं. पण त्याला लावलेली झालर परकी आहे. कुण्या तरुण, बडबड्या बाईची आहे. तिसऱ्या अंकात काय होतं ते मी तुम्हाला गेल्या खेपेला लिहिलं होतं, ते आता मलाच आठवून अंगावर काटा येतो.

कुठेतरी पाणी मुरतंय. ही पत्रं टाइप कोण करतं, एवढंच सांगा.

वहिनी

३ जुलै

वहिनी,

कोण टाइप करतं म्हणजे? ऑफिसात मशीन आहे, ज्याला वेळ असेल तो करतो. कंपनीत राहून माणसाच्या तोंडात दोन नवे शब्द आले तर लगेच फाशी द्यायची का? मीही हल्ली "झकास" म्हणते. माझंही कुठे लफडं आहे का ते शोधून ठेव, या वयात मलाही बरं वाटेल.

अगं, तू पेपर तपासत जा, पण घरातली माणसं तपासू नकोस. लाल पेन घेऊन नवऱ्याची पत्रं वाचणारी बायको मी पहिलीच पाहिली. दादाच्या मनात तुझ्याविषयी वाकडं काही नाही, एवढं माझ्या भरवशावर सोड. जास्त मला विचारू नकोस.

आणि आणखी एक. पहिल्या प्रयोगाला यायची घाई करू नकोस. नाटक जरा बसू दे, मग ये. दादाचंच तसं म्हणणं आहे.

झग्याची कसर निघाली. तुला त्यात रस नसणार, तरी सांगितलं.

तुझी वन्सं

१२ जुलै

वन्सं,

पावडरकाका चार दिवस सुट्टीवर आले होते. तुमच्या कंपनीचे रंगभूषाकार, तुम्हाला सांगायला नको. चहाला बोलावलं. त्यांच्या जिभेला हाड नाही हे मला माहीत होतं, म्हणूनच बोलावलं.

त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. दुपारची जेवणं झाली की सगळी कंपनी आडवी होते. त्या वेळेला तुमचे दादा आणि तुमची ती गुणी बुलबुल कपडेपटाच्या खोलीत जातात. दार लागतं. आणि दाराबाहेर स्टूल टाकून शिवत कोण बसतं? तुम्ही! पावडरकाका एकदा टोप आणायला आले तर तुम्ही त्यांना वाटेतूनच परत पाठवलंत. तेवढ्यात त्यांना आतून ऐकू आलं. ती म्हणत होती, "तुझा आवाज आला की माझ्या हातातलं काम सुटतं." आणि हे म्हणाले, "पुन्हा म्हण. सावकाश."

वन्सं, हे वाक्य कंपनीच्या जुन्या संहितेत नव्हतं. दुसऱ्या अंकात मी परत आणलेलं आहे ते. शोधून काढताना मला केवढा आनंद झाला होता! आता त्याच वाक्याने तुमचे दादा एका पोरीशी गुलुगुलू करतात आणि मी इथे वर्गात त्याचं सौंदर्य समजावून सांगते.

तालीम होती म्हणू नका. तालीम रंगमंचावर होते, नायकाबरोबर होते, आणि तिला दाराबाहेर पहारा लागत नाही. आणि प्रॉम्प्टरला कसली आली तालीम? त्याचं काम कागदावरचं वाचायचं. त्याला कुणाकडून काही म्हणवून घ्यायची गरज काय?

मला तुमचा जास्त राग आला आहे. त्यांचा येईल तेव्हा येईल. मला आजपर्यंत वाटायचं, या घरात माझी एक मैत्रीण आहे. तुम्ही मूग गिळून बसलात, वर मलाच लाल पेनाचे टोमणे. सखीवर मी वर्गात तास घेतले, पण सखी माझ्याच घरात आहे हे मला दिसलं नाही.

सोबत त्यांच्यासाठी एक बंद पाकीट आहे. हे टपालाने त्यांच्या नावे पाठवलं तर आधी कोण फोडेल सांगता येत नाही, म्हणून तुमच्याकडे देते. ते त्यांच्याच हातात द्या. आत काय आहे ते तुम्हालाही सांगून टाकते, म्हणजे उगाच वाफेवर धरायला नको. पहिला प्रयोग झाला की त्यांनी इकडे येऊ नये. त्यांचं सामान मी बांधून ठेवलं आहे, कुठे पाठवायचं ते कळवावं. मी शोकांतिका शिकवते, वन्सं. मला ती जगायची नाही. विष घेणारी बाई मी नव्हे.

वहिनी

१९ जुलै

वहिनी,

आता मी बोलते. दादाने मला शपथ घातली होती, ती मोडते. तू शांतपणे वाच.

दादाला वाचता येत नाही. गेल्या वर्षापासून त्याच्या दोन्ही डोळ्यांत अगदी मधोमध धूसर डाग आहे. कडेचं दिसतं, म्हणून तो नीट चालतो, पेट्या उचलतो, तुझ्यामाझ्याकडे बघून हसतो. पण ज्याच्याकडे रोखून पाहावं तेच पुसलं जातं. अक्षर तर दिसतच नाही. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत यायचं नाही, राहिलंय ते टिकवायचं बघू.

जुनं नाटक त्याला तोंडपाठ होतं. तो समोर वही उघडून, दिवा लावून बसायचा आणि सगळं मनातून सांगायचा. कुणाला पत्ता लागला नाही. मलाही नाही. मग तुझ्या नव्या संहितेचे पहिले अंक आले.

पहिल्याच तालमीत नायक अडला. दादाने जुन्या नाटकातलं पुढचं वाक्य पुरवलं, आणि नायक तुझं अख्खं पान ओलांडून पलीकडे गेला. दिग्दर्शक ओरडले. दादा म्हणाला, "पान चिकटलं होतं." त्या दिवशी तो माझ्या खोलीत येऊन कपड्यांच्या ढिगावर बसला आणि लहान मुलासारखा रडला गं. मी म्हटलं, वहिनीला लिही. तर म्हणाला, "मुळीच नाही. इतक्या वर्षांनी तिचं नाव फलकावर लागतंय. तिला कळलं तर ती स्वतःच्या हाताने तो मजकूर काढून टाकेल, माझ्यासाठी. ते मला चालणार नाही." आणि मालकांना कळलं तर मामांच्या मागोमाग हा. म्हणून सगळं गुपचूप.

बुलबुल त्याला रोज दुपारी नवं नाटक वाचून दाखवते. तो ऐकतो आणि पाठ करतो. "पुन्हा म्हण, सावकाश" ते त्यासाठी. तुझी पत्रं तीच वाचते, उत्तरं तो सांगतो आणि ती टाइप करते. झालर तिचीच. मी तिला दोनदा बजावलं, सांगतो तेवढंच लिही. पण ती म्हणते, "बाबा फारच कोरडं सांगतात, बाईंना वाईट वाटेल." ती त्याला बाबा म्हणते, वहिनी. गेल्या कंपनीत तिचे उच्चार कच्चे म्हणून काढून टाकलं होतं, इथे दादाने तिला घासून पुसून उभी केली.

आता तुझ्या पाकिटाचं. तू लिहिलंस त्याच्याच हातात द्या. मी दोन दिवस ते ब्लाउजात घेऊन हिंडले. फाडून टाकावं असं शंभरदा वाटलं. पण नवरा-बायकोच्या मधे मी कोण? काल दुपारी दिलं त्याच्या हातात. वाटलं होतं, माझ्याकडेच देईल वाचायला, मग मी काहीतरी सांभाळून घेईन. तर एवढ्यात दारात बुलबुल. दादाचा चेहरा असा खुलला! म्हणाला, "ये ये, बाईसाहेबांचं पत्र आलंय, वाच बघू मोठ्याने." मी उठून घ्यायच्या आत तिने पाकीट फोडलं.

तुझं ते पत्र, वहिनी, तिनेच वाचलं.

पहिल्या ओळीवर तिचं तोंड पांढरंफटक पडलं. मी समोरच बसले होते. आणि मग ती वाचायला लागली. जेवण वेळेवर घेत जा. विंगेत दोऱ्या पडलेल्या असतात, जपून चाला. तुमच्यावाचून घर खायला उठतं. चांगलं भरभरून, पानभर. कागद डोळ्यांसमोर धरलेला, आणि कागदावरचा एक शब्द तिच्या तोंडून निघाला नाही. वाचून झाल्यावर घडी घालून तिने कागद माझ्या हातात दिला आणि बाहेर जाऊन नळाखाली तोंड धरून उभी राहिली. मला म्हणाली, "मावशी, मी उद्यापासून येऊ की नको?"

दादा संध्याकाळभर खुशीत होता.

प्रयोग पंचवीसला आहे. तू मला सखी म्हणालीस. म्हण. पण तुझ्या सखीसारखं मी विचारायची वाट बघत बसले, हे माझं चुकलं. तू विचारत होतीस तरी मी बोलले नाही, हे त्याहून चुकलं. तुझं पत्र माझ्या पेटीत आहे, झग्याच्या खाली.

तुझी वन्सं

२१ जुलै

वन्सं,

त्यांना काही सांगू नका. बुलबुलला म्हणावं, दुपारी येत जा. मी निघते आहे.

वहिनी

६ ऑगस्ट

वन्सं, नमस्कार.

मी तिकडे पोचले त्या दुपारी तुम्ही माझं पत्र माझ्या हातात ठेवलंत आणि इस्त्रीचं निमित्त काढून आम्हा दोघांना कपडेपटाच्या खोलीत सोडून बाहेर गेलात. इस्त्री आतच होती, हे तुम्हालाही माहीत होतं. नंतर प्रयोगाच्या धांदलीत, मी निघेपर्यंत, काय झालं ते तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही विचारणार नाही, म्हणून मी न विचारता सांगते. आता या घरात अशीच पद्धत ठेवायची.

मी पुढे होऊन उभी राहिले तेव्हा ते माझ्याकडे पाहून हसले, नेहमीसारखे. पण नजर माझ्या कानाच्या जरा पलीकडे होती. एवढ्या बारकाव्याने पत्रं वाचणारी मी, गेल्या सुट्टीत पंधरवडाभर हा माणूस समोर बसून जेवत होता, आणि मला ते दिसलं नव्हतं. तिथेच मला रडू फुटलं. ते म्हणाले, "धाकटीने सांगितलं वाटतं." मी म्हटलं, "हो." मग म्हणाले, "तुझा सखीचा प्रवेश छान आहे. पाठ झालाय." संहितेबद्दल मला हवा होता तो अभिप्राय एकदाचा मिळाला!

मग मी विचारलं, "माझं पत्र पोचलं?" तर ते खुर्चीत ताठ बसले आणि त्यांनी ते सगळं म्हणून दाखवलं. जेवण वेळेवर, दोऱ्या, घर खायला उठतं, सगळं. एकदाच ऐकलेलं पत्र, शब्दही इकडचा तिकडे नाही. मी भिंतीला टेकून ऐकत होते आणि मनात एकच विचार होता, की हो म्हणून टाकावं. हे माझंच आहे म्हणावं. कुणाचं काय बिघडतं? उलट मी लिहिलं त्याहून ते किती बरं होतं!

मी तोंड उघडणार तेवढ्यात ते म्हणाले, "पोरीने सुंदर केलं. पण ती वाचत नव्हती." मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?" म्हणाले, "कागदावरचं वाचणाऱ्याचा श्वास ओळ संपली की तुटतो, डोळा खालच्या ओळीवर जाईपर्यंत. मी जन्मभर तेच ऐकलंय. ती सलग बोलत होती. आणि तू 'घर खायला उठतं' असं लिहिणार? तू असं लिहिणारी असतीस तर मी विंगेत कशाला बसलो असतो, घरीच बसलो असतो."

म्हणजे ते चार दिवस त्यांना ठाऊक होतं, वन्सं. खोटं पत्र उराशी धरून खुशीत असल्याचं सोंग तेही करत होते, तुमच्यासाठी आणि त्या पोरीसाठी. मी म्हटलं, "मग माझं खरं पत्र काय होतं ते विचारलं का नाहीत?" ते बराच वेळ गप्प राहिले. पाच अंक शिकवून मला एक गोष्ट कळली आहे, की अशा गप्प बसण्याचा अर्थ आपण लावायचा नसतो. मी थांबले. मग ते म्हणाले, "भीती वाटली. आता विचारतो. काय लिहिलं होतंस?"

माझ्या हातात ते होतंच. मला फाडून टाकता आलं असतं, दुसरं काही वाचता आलं असतं. पण श्वास तुटायचा तिथे तुटला नसता तर त्यांना कळलं असतं. आणि खरं सांगू? मला त्यांच्याशी खोटं बोलायचं नव्हतं. म्हणून मी ते वाचलं. सामान बांधून ठेवलंय, ते वाचलं. त्या मुलीबद्दल जे लिहिलं होतं ते वाचलं, लाजेने माझे कान तापले होते. ते मान खाली घालून ऐकत होते, विंगेत बसतात तसे, एक कान माझ्याकडे करून.

शेवटाकडे एक वाक्य आलं आणि माझा आवाज बसला. "इतकी वर्षं तुमच्याबरोबर संसार केला, आणि आज मला वाटतं..." इथवर आले आणि पुढचं तोंडातून निघेना. कागद समोर होता, अक्षरं माझीच होती, माझे डोळे धडधाकट. तरी नाही.

तेव्हा त्यांनी सांगितलं. हळूच, ओठ न हलवता, फक्त मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात, नटाला सांगतात तसं. "की मी तुम्हाला कधी ओळखलंच नाही."

शब्दाला शब्द तेच होतं, वन्सं. मी कागद खाली केला. म्हटलं, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तू लिहिणार म्हटल्यावर त्या जागी दुसरं काही येतच नाही," ते म्हणाले. "थांबू नकोस. वाच पुढे."

मी पुढे वाचलं.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः दिग्दर्शकांकडे गेले, ते तुम्ही पाहिलंच. या नाटकापुरते त्यांना ठेवलंय, पुढचं पुढे. डॉक्टरांची वेळ मी इथे घेतली आहे. त्यांचं बांधलेलं सामान मी काल सोडलं आणि कपाटात जिथल्या तिथे लावलं. बुलबुलला सांगा, माझ्या नावे येणाऱ्या पत्रांत झालर हवी तेवढी लावत जा. फक्त खाली लिही, झालर कुणाची.

तुमची वहिनी